लखोटा आणि दुसरी किल्ली

पानिपतच्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांस कशी कळली, ती कथा महाराष्ट्रांत बहुतेक घरांतून ठाऊक आहे. १७६१ सालच्या जानेवारींत पेशवे भाऊसाहेबांच्या मदतीसाठीं उत्तरेकडे निघाले होते. नर्मदा ओलांडून गेल्यावर सावकारांचा एक जासूद त्यांस वाटेंत भेटला. तो दक्षिणेंतील पेढ्यांकडे पत्रें घेऊन चालला होता. पत्रें पेशव्यांच्या नांवचीं नव्हतीं. तरी तीं फोडण्यांत आलीं. आंत लढाईचा किंवा मृत्यूचा एकहि शब्द नव्हता. दोन मोती गळाल्याचा, सत्तावीस मोहरा गेल्याचा, आणि रुपये-खुर्द्याची तर मोजदादच नसल्याचा सावकारी हिशेब तेवढा होता. पेशव्यांना तो वाचतांच उमगला. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब.

या प्रसंगाची शोकाची बाजू आपणां सर्वांच्या अंतःकरणांत घर करून बसली आहे. आज त्याच्याकडे थोड्या निराळ्या दृष्टीनें पाहावें अशी माझी विनंति आहे. सावकारानें मजकूर असा आडपडद्यानें कां लिहिला? वाट दूरची होती, पत्र कोणाच्या हातीं पडेल याचा नेम नव्हता, आणि आपली बातमी बाहेर फुटूं न देणें ही तर पेढ्यांची रीतच होती. उलट, पेशव्यांनीं दुसऱ्याचें पत्र कां फोडलें? ज्याचा पुत्र, ज्याचा चुलतभाऊ आणि ज्याची सारी फौज पलीकडे अडकली आहे, त्या राज्यकर्त्यानें तें फोडलें याबद्दल त्यास कोण बोल लावील? सावकाराचें गुप्त लिहिणें योग्य होतें आणि पेशव्यांचें फोडणेंहि समजण्यासारखें होतें. प्रश्नाची खरी अडचण येथेंच आहे. दोन्ही पक्षांस आपापलें कारण आहे.

आज आपलीं पत्रें जासूद नेत नाहीं, मोबाईल नेतो. पेढीचा हिशेब, वैद्याचा अहवाल, परगांवीं शिकणाऱ्या मुलीचा निरोप, वकिलाशीं केलेली मसलत, हें सारें एका हाताएवढ्या यंत्रांतून दिवसाकाठीं शेंकडों वेळां ये-जा करीत असतें. त्या निरोपांना कुलूप असावें काय? असल्यास त्याची दुसरी एक किल्ली सरकारजवळ असावी काय? जगांतील अनेक सरकारांनीं गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ही किल्ली वारंवार मागितली आहे. ती मागण्यांत नवें फार थोडें आहे, आणि ती दिल्यावर काय होतें याचाहि अनुभव जगाच्या गांठीं आहे. तो अनुभव क्रमानें आपणांपुढें मांडावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

आरंभ इंग्लंडपासून करूं. इटलीच्या स्वातंत्र्यासाठीं झटणारा जोसेफ मॅझिनी १८३७ पासून लंडनमध्यें आश्रयास राहिला होता. महाराष्ट्राला हें नांव परकें नाहीं. सावरकरांनीं केलेलें त्याच्या लेखनाचें मराठी भाषांतर १९०७ सालीं प्रसिद्ध झालें आणि ब्रिटिश सरकारनें त्यावर बंदी घातली. १८४४ सालीं मॅझिनीस संशय आला कीं, आपलीं पत्रें वाटेंत कोणीतरी उघडतें. त्यानें मित्रांकडून स्वतःलाच पत्रें पाठवविलीं, आणि त्यांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण, केंस असल्या बारीक वस्तु घालावयास सांगितलें. पत्र हातीं येई तेव्हां मोहोर जागच्या जागीं असे, पण आंतले दाणे नाहींसे झालेले असत. पार्लमेंटचे सभासद टॉमस डन्कोम यांनीं हा प्रश्न कॉमन्स सभेपुढें मांडला. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांनीं आपल्या सहीच्या वॉरंटानें टपालांत हीं पत्रें उघडविलीं होतीं, असें उघड झालें.

इंग्रज समाजास याचा जो संताप आला तो विलक्षण होता. कार्लाइलसारख्या लेखकानें ‘टाइम्स’ पत्रांतून निषेध केला. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकानें ग्रॅहॅमसाहेबांची टवाळी करणारा लखोटा छापला. चौकशी समित्या बसल्या. तेव्हां लोकांस कळलें कीं, परदेशी पत्रें उघडणारी एक गुप्त कचेरी आणि सांकेतिक लिपि उलगडणारी दुसरी शाखा शतकाहून अधिक काळ टपालखात्याच्या आश्रयानें चाललेली होती. त्या दोन्ही १८४४ सालींच बंद झाल्या. गृहमंत्र्याचा वॉरंट काढण्याचा अधिकार मात्र कायम राहिला. हा निकाल ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. विशिष्ट कारणासाठीं, जबाबदार मंत्र्याच्या सहीनें, विशिष्ट माणसाचें पत्र उघडण्याचा अधिकार लोकांनीं नाइलाजानें मान्य केला; सरसकट पत्रें चाळीत बसणारी कायमची कचेरी त्यांनीं मान्य केली नाहीं.

हिंदुस्थानांत ब्रिटिशांनीं हाच अधिकार कायद्यांत घातला, पण त्याच्या भोंवतीं लोकमताचें कुंपण येथें नव्हतें. १८८५ चा तारांचा कायदा आणि १८९८ चा टपालाचा कायदा या दोहोंनीं सार्वजनिक संकटाच्या किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या नांवाखालीं तार व पत्र अडवून ठेवण्याची मुभा सरकारला दिली. राज्य बदललें तरी हीं कलमें राहिलीं. तारांच्या कायद्याच्या आधारानेंच पुढें टेलिफोनवरील संभाषणें ऐकलीं जाऊं लागलीं. १९९६ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें एका नागरी हक्क संघटनेच्या अर्जावर निकाल दिला कीं, टेलिफोन ऐकावयाचा तर हुकूम गृहसचिवाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा असावा, त्यास मुदत असावी, आणि एका समितीनें तो मागाहून तपासावा. टपालाचा जुना कायदा जाऊन २०२३ सालीं नवा आला. पत्र अडविण्याचा अधिकार त्यांतहि राहिला आहे.

येथपर्यंत गोष्ट लाखेच्या मोहोरेची आणि तारेची होती. मोहोर वाफेवर सोडवितां येते, तार मध्येंच जोडतां येते. आतां कुलुपांकडे वळूं. १८५१ सालीं लंडनमध्यें भरलेल्या जगप्रसिद्ध प्रदर्शनाच्या वेळीं आल्फ्रेड हॉब्स नांवाचा अमेरिकन कुलूपकार तेथें आला. चब कंपनीचें नामांकित कुलूप त्यानें सुमारें पंचवीस मिनिटांत किल्लीवांचून उघडलें. ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकींत एक कुलूप कित्येक वर्षें आव्हान म्हणून ठेवलेलें होतें. तें उघडणारास दोनशें गिन्यांचें बक्षीस होतें. हॉब्स यानें सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खर्चून तेंहि उघडलें. असल्या गोष्टी जाहीर केल्यानें चोरांचें फावेल, असा तेव्हां पुष्कळांचा आक्षेप होता. कुलूपकारांचें उत्तर असें कीं, चोरांना हें आधींच ठाऊक असतें. ठाऊक नसतें तें घरमालकाला.

याच विचारास शास्त्राचें रूप दिलें ऑग्युस्त केर्कहॉफ्स यानें. तो पॅरिसमध्यें भाषा शिकविणारा डच पंडित. लष्करी गूढलेखनावरील आपल्या १८८३ च्या निबंधांत त्यानें असें प्रतिपादिलें कीं, गूढलेखनाची पद्धति शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडूं नये. गुप्त ठेवावयाची ती फक्त किल्ली. म्हणजे कुलुपाचा नकाशा साऱ्या जगानें पाहिला तरी हरकत नाहीं, पण किल्ली मालकाच्या कमरेलाच असली पाहिजे. आजची सारी संगणकीय सुरक्षितता या एका वाक्यावर उभी आहे. तिच्यांतील प्रत्येक कुलुपाची रचना जगभरचे पंडित उघड उघड तपासतात, त्यांत दोष काढतात, आणि त्या तपासणींतून टिकेल तेंच कुलूप विश्वासाचें मानतात.

तरी एक अडचण उरत होती. किल्ली ज्याला द्यावयाची त्याच्यापर्यंत ती सुखरूप पोंचवावयाची कशी? किल्लीच वाटेंत पकडली गेली तर कुलूप असून नसून सारखेंच. सेनापति आणि राजदूत हे विश्वासू माणसांच्या हातून किल्ल्या पाठवीत. सामान्य माणसास तें साधणारें नव्हतें. हा पेंच व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघां अमेरिकन संशोधकांनीं १९७६ सालीं सोडविला. पुढल्याच वर्षीं रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या त्रयीनें त्यास व्यवहाराचें रूप दिलें. ब्रिटिश सरकारच्या नोकरींतील एलिस, कॉक्स वगैरे गणितज्ञांना ही युक्ति त्यापूर्वींच सुचली होती; परंतु सरकारनें ती १९९७ पर्यंत गुप्त ठेवली.

युक्ति काय, तें दृष्टांतानें सांगतों. समजा, एका गृहस्थानें एकाच किल्लीनें उघडणारीं शेंकडों कुलपें करवून घेतलीं, तीं उघडीं कुलपें गांवभर वाटलीं, आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. ज्याला त्यास निरोप धाडावयाचा असेल त्यानें तो पेटींत घालावा आणि कुलूप दाबून लावावें. एकदां लावलें म्हणजे लावणारालाहि तें उघडतां येत नाहीं. उघडेल तो एक मालकच. गणितांत हें अशा रीतीनें साधतें कीं, दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणें सोपें, पण नुसत्या गुणाकारावरून त्या दोन संख्या हुडकून काढणें संगणकासहि अतिशय दुर्घट. १९९१ सालीं फिल झिमरमन या अमेरिकन गृहस्थानें हें साधन सामान्य माणसास फुकट उपलब्ध करून दिलें, तेव्हां त्याच्यामागें सरकारी चौकशीचा ससेमिरा लागला. तो १९९६ सालीं थांबला. २०१६ च्या एप्रिलांत व्हॉट्सॲपनें आपल्या सर्व निरोपांना असेंच कुलूप घातलें. त्यालाच एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात. जासुदाला म्हणजे खुद्द कंपनीलाहि तो निरोप वाचतां येत नाहीं. सावकाराच्या दोन मोत्यांना जें साधलें नाहीं तें आज घरोघरीं साधलें आहे.

आतां सरकारची बाजू ऐकूं. ती ऐकल्यावांचून न्याय होणार नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांना जमावानें ठार मारलें. मुलें पळविणारी टोळी फिरते, असली खोटी अफवा त्या काळांत मोबाईलवरून पसरलेली होती. पोट भरण्यासाठीं गांवोगांव हिंडणारीं हीं माणसें त्या अफवेला बळी पडलीं. अशा वेळीं पोलिसांनीं विचारलें कीं, हा निरोप प्रथम कोणीं धाडला तें सांगा, तर त्या प्रश्नास दुष्ट हेतूचा प्रश्न म्हणतां येणार नाहीं. लहान मुलांवर अत्याचार करणारे, खंडणीखोर, बॉम्ब उडविणारे हेहि याच कुलुपांचा आश्रय घेतात. कुलूप सज्जन-दुर्जन पाहात नाहीं, ही त्यांतील खरी उणीव आहे आणि ती लपविण्यांत अर्थ नाहीं.

या उणिवेवर उपाय म्हणूनच दुसऱ्या किल्लीची कल्पना निघाली. १९९३ च्या एप्रिलांत अमेरिकन सरकारनें ‘क्लिपर’ नांवाची एक चकती जाहीर केली. टेलिफोनमध्यें ती बसविली कीं संभाषण कुलूपबंद होई. पण प्रत्येक चकतीच्या किल्लीचे दोन तुकडे करून ते दोन सरकारी खात्यांपाशीं अनामत ठेवावयाचे, आणि न्यायालयाचा हुकूम झाला म्हणजे ते जुळवून पोलिसांस द्यावयाचे, अशी योजना होती. कागदावर ती निर्दोष दिसे. पुढल्याच वर्षीं मॅट ब्लेझ या संशोधकानें दाखवून दिलें कीं, सरकारी किल्लीची ओळख पटविणारी खूण फक्त सोळा अंकांची, म्हणजे तिच्या ६५,५३६ च शक्यता. त्यामुळें खोटी खूण तयार करून चकतीचें कुलूप वापरतां येतें आणि सरकारची किल्ली निकामी करतां येते. ज्याच्यासाठीं योजना होती तो लबाड निसटणार आणि सरळ मार्गाचा तेवढा उघडा पडणार, असा त्याचा अर्थ झाला. लोकांनींहि ती चकती घेतली नाहीं, आणि थोड्याच वर्षांत ती योजना बारगळली.

क्लिपरची योजना फसली तरी तिच्यामुळें कोणाचें घर लुटलें गेलें नाहीं. ग्रीस देशांत तेंहि घडलें. २००४ सालीं अथेन्स येथें ऑलिंपिक सामने भरले, त्या सुमारास तेथील व्होडाफोन कंपनीच्या यंत्रणेंत कोणी अज्ञात मंडळी शिरली. टेलिफोनच्या केंद्रांत पोलिसांच्या सोयीसाठीं, कायदेशीर हुकुमान्वयें संभाषण ऐकण्याची रचना यंत्र बनविणारांनीं आधींच ठेवलेली होती. या चोरांना नवें दार फोडावें लागलें नाहीं. असलेल्या दारांतूनच ते आंत गेले. पंतप्रधान करामानलिस, त्यांचे मंत्री आणि इतर मिळून शंभरांहून अधिक जणांचे टेलिफोन २००५ च्या मार्चपर्यंत ऐकले जात होते. कांहीं निरोप पोंचेनात म्हणून तपास सुरू झाला, आणि त्यांतून हा प्रकार बाहेर आला. २००६ च्या फेब्रुवारींत सरकारनें तो जाहीर केला. कंपनीस ७ कोटी ६० लाख युरोंचा दंड झाला. आपल्याकडे म्हण आहे कीं, कुंपणानेंच शेत खाल्लें. येथें कुंपणाच्या फाटकांतून शेजारची गुरें शिरलीं. ज्यांच्या संरक्षणासाठीं ती रचना, त्या राज्यकर्त्यांचेंच बोलणें तिनें उघडें केलें.

हा प्रकार एका लहान राष्ट्रापुरता होता असेंहि म्हणवत नाहीं. १९९४ च्या एका कायद्यानें अमेरिकेंतील टेलिफोन कंपन्यांवर पोलिसांसाठीं अशी सोय ठेवण्याची सक्ति झालेली आहे. २०२४ च्या नोव्हेंबरांत तेथील तपासखात्यानें आणि सायबर सुरक्षा खात्यानें जाहीर केलें कीं, चीनशीं संबंधित चोरट्यांनीं अनेक कंपन्यांच्या जाळ्यांत प्रवेश मिळविला आहे, आणि न्यायालयीन हुकुमांनुसार पोलिसांनीं मागितलेली कांहीं माहितीहि त्यांनीं नकलून नेली आहे. चीननें आरोप नाकारला. परंतु त्यानंतर काय झालें पाहा. ज्या सरकारचे अधिकारी वर्षानुवर्षें अभेद्य कुलुपांविषयीं तक्रार करीत होते, त्याच सरकारच्या सुरक्षा खात्यानें डिसेंबरांत महत्त्वाच्या पदांवरील माणसांना लेखी सल्ला दिला कीं, एंड-टू-एंड कुलूप असलेलेंच साधन वापरा.

ग्रॅहॅमसाहेब ज्या खात्याचे मंत्री होते त्या ब्रिटिश गृहखात्याची गोष्टहि सांगण्यासारखी आहे. ॲपल कंपनीनें ग्राहकांच्या सांठविलेल्या माहितीवर जें सर्वांत बळकट कुलूप घातलें होतें, त्यांतून वाट काढून द्यावी, असा गुप्त हुकूम या खात्यानें काढल्याची बातमी २०२५ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झाली. कंपनीनें दुसरी किल्ली घडविण्याऐवजीं ब्रिटनमध्यें तें कुलूप देणेंच बंद केलें. परिणाम असा कीं, गुन्हेगारांबरोबर त्या देशांतील साध्या ग्राहकांनाहि त्या संरक्षणास मुकावें लागलें. सुक्याबरोबर ओलें जळतें तें असें.

आतां आपल्या देशाकडे येऊं. २००० सालच्या माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या एकुणसत्तराव्या कलमान्वयें सरकार कुलूपबंद निरोप उलगडून मागूं शकतें, आणि साहाय्य न करणारास सात वर्षांपर्यंत कैद सांगितलेली आहे. २०१५ च्या सप्टेंबरांत केंद्र सरकारनें गूढलेखनाविषयीं एका धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला. नागरिकांनीं आपल्या कुलूपबंद निरोपांची उघडी प्रत नव्वद दिवस जपून ठेवावी आणि मागतांच दाखवावी, अशी त्यांत अट होती. घरांतील प्रत्येक पत्राची नक्कल करून ठेवण्यासारखेंच हें झालें. देशभर गहजब होतांच सरकारनें २२ सप्टेंबर रोजीं मसुदा मागें घेतला. पुढें २०२१ च्या फेब्रुवारींतील नियमांनीं मोठ्या निरोप-कंपन्यांवर असें बंधन घातलें कीं, न्यायालयाचा किंवा अधिकृत हुकूम झाल्यास निरोप प्रथम पाठविणाराचा छडा लावून द्यावा. व्हॉट्सॲपनें त्याविरुद्ध मे महिन्यांत दिल्ली उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. एका निरोपाचा उगम सांगावयाचा तर आधीं साऱ्याच निरोपांवर खूण करून ठेवावी लागते, हें तिचें म्हणणें. २०२४ च्या एप्रिलांत तिच्या वकिलांनीं न्यायालयांत सांगितलें कीं, कुलूप मोडण्याची सक्ति झाली तर कंपनी हा देश सोडील.

या वादास कायद्याची बैठक मिळाली ती २०१७ सालीं. खासगीपणा हा आपल्या घटनेंत हक्क आहे काय, हा प्रश्न पूर्वीं दोनदां सर्वोच्च न्यायालयापुढें आला होता. १९५४ सालीं आठ न्यायाधीशांनीं आणि १९६२ सालीं खरकसिंगाच्या खटल्यांत सहांपैकीं बहुसंख्य न्यायाधीशांनीं तो मान्य केला नव्हता. खरकसिंगाच्या घरीं पोलिस अपरात्रीं जाऊन दार ठोठावीत. तें न्यायालयानें अवैध ठरविलें, पण खासगीपणाचा स्वतंत्र हक्क मानला नाहीं. न्यायमूर्ति सुब्बाराव यांनीं मात्र भिन्नमत नोंदविलें. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांनीं आधारच्या संबंधांत २०१२ सालीं अर्ज केला, आणि त्यांतून हा प्रश्न नऊ न्यायाधीशांपुढें गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नवांनींहि एकमतानें निर्णय दिला कीं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याजबरोबर त्यांनीं हेंहि सांगितलें कीं, हा हक्क अमर्याद नाहीं. पण त्यास मर्यादा घालावयाची तर तिला कायद्याचा आधार असावा, हेतु राज्याला साजेसा असावा, आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणांत असावा.

या तिसऱ्या कसोटीवर दुसरी किल्ली घासून पाहूं. एका संशयिताचें पत्र न्याय्य हुकुमानें उघडणें आणि सर्वांचीं कुलपें मुळांतच कच्चीं करणें, हीं दोन निराळीं कृत्यें आहेत. पहिल्याचा उपद्रव एका माणसापुरता आणि ठराविक मुदतीचा असतो. दुसऱ्याचा साऱ्या समाजाला आणि कायमचा असतो. आपण परगांवीं जातांना शेजारच्या काकूंपाशीं घराची किल्ली ठेवतों, तेव्हां त्या आपल्या ओळखीच्या असतात आणि परत आल्यावर ती मागून घेतां येते. कोट्यवधि घरांची एकच किल्ली कोणा कचेरींत टांगलेली असेल, तर तिच्यावर साऱ्या जगांतील चोरांची नजर राहणार. आणि ती चोरीस गेल्याचें कळेपर्यंत किती घरें धुऊन निघालीं याचा पत्ता लागणार नाहीं. आज सरकार सज्जनांचें असेल; उद्यांचें कसें असेल याची हमी कोण देतो? म्हातारी मेल्याचें दुःख नसतें, काळ सोकावतो त्याचें भय असतें.

मग राईनपाड्याला काय उत्तर द्यावें? हा प्रश्न टाळून जाणारास कुलुपाची तरफदारी करण्याचा अधिकार नाहीं. त्या घटनेनंतर त्याच जुलै महिन्यांत व्हॉट्सॲपनें हिंदुस्थानांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें ढकलतां येऊं नये अशी मर्यादा घातली. एकहि पत्र न वाचतां अफवेचा वेग कमी करण्याचा तो मार्ग होता. लखोटा बंद असला तरी त्यावरचा पत्ता आणि शिक्का बाहेर दिसतोच. कोणीं कोणास केव्हां निरोप धाडला ही माहिती पुष्कळदां कुलुपाबाहेर राहते, आणि पोलिसांस हुकुमानें ती मिळूं शकते. निरोप ज्या मोबाईलवर उघडतो तो मोबाईल जप्त करतां येतो. अमेरिकेंत २०१५ च्या डिसेंबरांत सॅन बर्नार्डिनो येथें चौदा माणसें मारली गेलीं; मारेकऱ्याचा फोन उघडण्यासाठीं तपासखात्यानें ॲपल कंपनीवर न्यायालयाचा हुकूम आणविला, कंपनीनें तो अमान्य केला, आणि शेवटीं २०१६ च्या मार्चांत खात्यानें तिसऱ्याच कोणाच्या साहाय्यानें तो एकटा फोन उघडला. इतरांच्या कुलुपांत त्यासाठीं छिद्र पाडावें लागलें नाहीं. अशा मार्गानें तपासास श्रम अधिक पडतात, वेळ अधिक लागतो, आणि कांहीं गुन्हे उलगडत नाहींत, हें कबूल केलें पाहिजे. तें मोल आहे, आणि तें समाजानें डोळे उघडे ठेवून द्यावयाचें आहे.

श्रोतेहो, हे विषय गणितज्ञांचे आणि वकिलांचे आहेत, असें समजून आपण त्यांपासून दूर राहतों. पण १८४४ सालीं टपालाची गुप्त कचेरी बंद पडली ती कांहीं गणितज्ञांच्या खटपटीनें पडली नाहीं. पत्रें लिहिणाऱ्या साध्या माणसांस तो प्रकार आपल्या घरावर आलेला घाला वाटला, म्हणून पार्लमेंटास हालचाल करावी लागली. यापुढेंहि नवे कायदे येतील, नवीं यंत्रें येतील, आणि सुरक्षिततेच्या नांवानें किल्लीची मागणी पुन्हां होईल. त्या वेळीं आपण तीन प्रश्न विचारावे. ही किल्ली एकाच दाराची आहे कीं सर्व दारांची? ती कोणत्या कायद्यानें आणि किती मुदतीसाठीं मागितली आहे? आणि ती ज्याच्या हातीं जाईल त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार? या तिन्ही प्रश्नांचीं समाधानकारक उत्तरें मिळालीं तर सरकारास साहाय्य करणें हें नागरिकाचें कर्तव्य आहे. तीं मिळालीं नाहींत, तर किल्ली नाकारणें हेंहि तितकेंच त्याचें कर्तव्य आहे.